'डिस्क राइट एरर' : एका सूचनेचा अर्थनिर्णय

१. विषयप्रवेश

संगणकावर एखादा मोठा गेम उतरवून घेत असता काम मध्येच थांबते आणि पडद्यावर 'डिस्क राइट एरर' अशी तीन शब्दांची सूचना उमटते. 'व्हॉल्व्ह' या अमेरिकन कंपनीने २००३ साली सुरू केलेल्या 'स्टीम' या वितरणसेवेच्या ग्राहकांना ही सूचना विशेष परिचयाची आहे. परंतु तिचे सजातीय अन्य सेवांतही आढळतात. सूचना दिसताच कोणी गेम पुसून पुन्हा उतरवितो, कोणी अँटिव्हायरस बंद करतो, कोणी सर्व डिस्क फॉरमॅट करतो, तर कोणी नवी डिस्क विकत आणतो. यांपैकी प्रत्येक उपाय कोठे ना कोठे यशस्वी झालेला असतो, म्हणूनच तो दुसऱ्याला सांगितला जातो. मात्र एकाच सूचनेवर इतके परस्परविसंगत उपाय लागू पडावेत, यावरूनच ती सूचना एका कारणाची वाचक नाही, हे स्पष्ट व्हावे.

भाषाविषयक विभागाच्या पत्रिकेत या विषयाला स्थान कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, ही सूचना एक उक्ती आहे, आणि तिचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे कृती चुकते. तेव्हा अर्थनिर्णयाचा प्रश्न येथे शब्दशः उपस्थित होतो. दुसरे उत्तर अधिक व्यावहारिक आहे. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांजवळ एकच संगणक असतो. गेम, प्रबंधाची हस्तलिखिते आणि क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती ही सारी एकाच डिस्कवर वसतात. गेम हा तिच्यावर एका वेळी लिहिला जाणारा बहुधा सर्वांत मोठा ऐवज असल्यामुळे डिस्कच्या दुखण्याची पहिली वर्दी पुष्कळदा गेमच देतो. गेम पुन्हा उतरविता येतो. दिवंगत वक्त्याची मुलाखत पुन्हा घेता येत नाही. म्हणून ही सूचना कशी वाचावी, हे जाणणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात प्रथम सूचनेच्या रचनेचा विचार केला आहे, नंतर लेखनक्रियेचा मार्ग व त्यावरील अडथळे यांचे विवरण केले आहे, आणि शेवटी शोधाचा क्रम कोणता असावा, हे सांगितले आहे.

२. सूचनेची रचना

व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही सूचना म्हणजे विभक्तिप्रत्यय लोपलेला एक समास होय. त्याचा विग्रह एकाहून अधिक प्रकारे होऊ शकतो. षष्ठी मानली तर 'डिस्कची लेखनातील चूक', तृतीया मानली तर 'डिस्कने केलेल्या लेखनातील चूक', आणि सप्तमी मानली तर 'डिस्कवर लिहिताना उद्भवलेली चूक' असे तीन अर्थ निघतात. पहिल्या दोहोंत दोषाचे कर्तृत्व डिस्ककडे जाते. तिसऱ्यात डिस्क हे केवळ अधिकरण उरते. सूचना देणाऱ्या प्रोग्रॅमला तिसरा अर्थ अभिप्रेत असतो. वाचणारा बहुधा पहिला अर्थ घेतो आणि निर्दोष डिस्क टाकून देतो.

'एरर' हा शब्दही असाच संदिग्ध आहे. मराठीत 'लिहवले नाही' आणि 'लिहू दिले नाही' हे दोन वेगळे प्रयोग आहेत. पहिल्यात असमर्थता आहे, दुसऱ्यात नकार आहे. संगणकाच्या 'एरर' या एका शब्दात हे दोन्ही अर्थ सामावलेले असतात. डिस्क भरली म्हणून लेखन थांबले, तर ती असमर्थता होय. परवानगी नसलेल्या फोल्डरात लिहिण्यास ऑपरेटिंग सिस्टिमने मज्जाव केला, तर तेथे काहीच बिघडलेले नसून यंत्रणा आपले कर्तव्य चोख बजावीत असते. या दोन प्रकारांचे उपाय सर्वस्वी भिन्न आहेत. यांखेरीज तिसराही एक प्रकार संभवतो: लिहिणाऱ्याची शक्ती आणि परवानगी दोन्ही शाबूत आहेत, परंतु ज्या अर्धवट फाइलीत पुढे लिहावयाचे तीच विस्कटलेली आहे. पुढील विवेचनात हीच त्रिविध वर्गवारी स्वीकारली आहे.

३. लेखनाचा मार्ग

गेमचा ऐवज सलग एका फाइलीच्या रूपाने येत नाही. स्टीममध्ये तो सुमारे एक मेगाबाइटपर्यंतच्या तुकड्यांत विभागलेला असतो, आणि कोणता तुकडा कोणत्या फाइलीत कोठे बसवावयाचा याची यादी प्रथम उतरविली जाते. प्रत्येक तुकडा दाबून लहान केलेला असतो. तो संगणकाच्या रॅममध्ये उलगडला जातो, आणि त्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा यादीतील ठशाशी जुळतो की नाही, हे ताडून पाहिले जाते. ठसा जुळला की तो लिहिण्याची विनंती ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते.

येथून पुढे काम स्टीमच्या हाती राहत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम विनंती करणाऱ्याचे अधिकार तपासते. अँटिव्हायरससारखे पहारेकरी मध्ये डोकावतात. फाइल-पद्धती, म्हणजे डिस्कवरील जागेचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, रिकामी जागा नेमून देते. मजकूर काही काळ रॅममध्येच थांबतो. मग तो केबलमधून डिस्कच्या नियंत्रकाकडे जातो, आणि अखेर चुंबकीय थरावर वा एसएसडीच्या कोशांत उमटतो. या साखळीतील कोणतीही कडी निखळली, तरी वरपर्यंत पोहोचणारी बातमी एकच असते: लेखन झाले नाही.

ही बातमी वर येताना तिची दोनदा भाषांतरे होतात. डिस्क वा फाइल-पद्धती यांच्याकडून आलेल्या कारणाचे ऑपरेटिंग सिस्टिम एका अंकात रूपांतर करते, आणि त्या अंकाचे प्रोग्रॅम एका शब्दसमूहात रूपांतर करतो. अंकांची भाषा बरीच नेमकी आहे. विंडोजमध्ये ५ म्हणजे प्रवेश नाकारला, १९ म्हणजे माध्यम लेखनास बंद आहे, ३२ म्हणजे फाइल दुसऱ्याच्या वापरात आहे, आणि ११२ म्हणजे डिस्क भरली. लिनक्समध्ये १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे जागा उरली नाही, ३० म्हणजे फाइल-पद्धती केवळ वाचनासाठी जोडलेली आहे. तोच ५ हा अंक मात्र लिनक्समध्ये यंत्राशी होणाऱ्या देवघेवीतील बिघाड दाखवितो. एकाच चिन्हाचा अर्थ एका भाषेत 'परवानगी नाही' आणि दुसऱ्या भाषेत 'बहुधा यंत्र बिघडले' असा असावा, ही गोष्ट चिन्हाचे यादृच्छिकत्व शिकविणाऱ्या प्राध्यापकाला उदाहरण म्हणून उपयोगी पडेल; दुरुस्ती करणाऱ्याला मात्र ती धोक्याची आहे. अंक मिळाला तर तो कोणत्या प्रणालीचा, हे प्रथम निश्चित केले पाहिजे.

दुसऱ्या भाषांतरात अर्थहानी अधिक होते. स्टीमजवळ 'पुरेशी जागा नाही', 'फाइल कुलूपबंद आहे', 'फाइलीचे अधिकार नाहीत' अशा निराळ्या सूचनाही आहेत. परंतु कारण ज्या वेळी त्यांपैकी कशातही बसविले जात नाही, त्या वेळी 'डिस्क राइट एरर' हे सर्वसंग्राहक नाव पुढे येते. म्हणून मूळ अर्थ शोधण्यासाठी सूचनेच्या मागे जावे लागते.

४. संदर्भाची साधने

शब्द संदिग्ध असता त्याचा अर्थ कशावरून ठरवावा, याचा विचार भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या काण्डात केला आहे. तेथे परिगणित केलेल्या साधनांपैकी लिंग म्हणजे सूचक खूण, देश आणि काल ही तीन आपल्या प्रस्तुत प्रश्नालाही लागू पडतात. ही तुलना केवळ पद्धतीपुरती आहे, हे सांगणे नकोच.

सूचक खुणा नोंदवहीत सापडतात. स्टीमच्या फोल्डरात 'लॉग्ज' नावाचे उपफोल्डर असते आणि त्यात 'कन्टेन्ट लॉग' ही मजकूर-फाइल असते. सूचना ज्या क्षणी दिसली त्या वेळेच्या आसपासच्या ओळी वाचल्यास कोणत्या गेमचे काम थांबले ते कळते, आणि पुष्कळदा ज्या फाइलीवर लेखन अडले तिचा पत्ताही मिळतो. विंडोजची स्वतःची नोंदवही 'इव्हेन्ट व्ह्यूअर' या नावाने उघडते. तीत 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद असेल, तर डिस्कवरील एखादा भाग निकामी झाला आहे. १५३ असेल, तर देवघेव पुन्हा करून पाहावी लागली. आणि 'एनटीएफएस' या नावाखाली ५५ असेल, तर फाइल-पद्धतीच्या रचनेत विस्कळीतपणा आला आहे. लिनक्समध्ये हेच काम 'डीमेसेज' ही आज्ञा करते. या नोंदवह्या कोऱ्या असणे हीही एक खूण आहे: अशा वेळी यंत्रापेक्षा परवानगीकडे प्रथम संशय वळवावा.

'देश' म्हणजे ठिकाण. एकाच डिस्कवर सर्व गेम अडतात, की एकच गेम सर्व डिस्कांवर अडतो? एकाच फोल्डरात अडते, की डिस्कवर कोठेही? 'काल' म्हणजे क्षण. आरंभीच अडते, नेहमी ठराविक टक्क्यावर अडते, की दर वेळी निराळ्या ठिकाणी? आरंभीच अडले तर परवानगीचा, ठराविक ठिकाणी अडले तर मर्यादेचा अथवा एका विशिष्ट फाइलीचा, आणि अनियमितपणे अडले तर केबल, वीजपुरवठा, रॅम वा डिस्क यांचा संशय बळावतो. हे नियम निरपवाद नाहीत; तथापि चौकशीला दिशा देण्यास ते पुरेसे आहेत.

५. जेथे लिहवत नाही

असमर्थतेचे सर्वांत साधे कारण जागेचा अभाव हे होय. पण जागेचा हिशेब दिसतो तितका सरळ नसतो. डिस्क बनविणारे एक गिगाबाइट म्हणजे १,००,००,००,००० बाइट मानतात, आणि विंडोज त्याच नावाखाली १,०७,३७,४१,८२४ बाइट मोजते. त्यामुळे ५०० गिगाबाइटची म्हणून विकत घेतलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ गिगाबाइटची दिसते. हा गोंधळ मिटविण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १९९८ साली दुसऱ्या परिमाणास 'गिबिबाइट' हे वेगळे नाव दिले. ते व्यवहारात फारसे रुळले नाही. शिवाय जुन्या गेमची सुधारित आवृत्ती येते तेव्हा नव्या फाइली जुन्यांच्या शेजारी रचून मग त्यांची अदलाबदल केली जाते, त्यामुळे काही काळ दोन्हींना पुरेल इतकी जागा लागते. सुधारणा लहान असूनही ती अडते, त्याचे रहस्य पुष्कळदा येथे असते. विद्यापीठातील सामाईक संगणकावर प्रत्येकास ठराविक वाटा दिलेला असेल, तर डिस्क रिकामी असूनही वाटा संपलेला असू शकतो.

दुसरे कारण फाइल-पद्धतीची मर्यादा. पेन-ड्राइव्हवर व लहान कार्डांवर 'फॅट-३२' ही जुनी पद्धती अद्याप आढळते. तीत कोणतीही एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून मोठी असू शकत नाही. डिस्कवर शेकडो गिगाबाइट मोकळे असले तरी ही भिंत ओलांडता येत नाही. आधुनिक गेमांतील चित्रांच्या व ध्वनींच्या एकत्र बांधलेल्या फाइली याहून मोठ्या असतात, म्हणून लेखन दर वेळी त्याच फाइलीपाशी थांबते. हीच भिंत ध्वनिमुद्रणालाही आडवी येते: सेकंदास ४८,००० नमुने, २४ बिट आणि दोन वाहिन्या या प्रमाणात घेतलेले मुद्रण तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट जागा घेते, म्हणजे सुमारे चार तासांत ते या मर्यादेपाशी पोहोचते. फॅट-३२ ची डिस्क असल्यास विंडोजमधील 'कन्व्हर्ट' या आज्ञेने तिचे एनटीएफएसमध्ये रूपांतर मजकूर न पुसता करता येते; अर्थात् तत्पूर्वी प्रत काढलेली असावी.

तिसरे कारण यांत्रिक. बाहेरून जोडलेल्या डिस्कला सैल केबलमुळे वा अपुऱ्या विजेमुळे दीर्घ लेखनाच्या मध्यावर क्षणभर संगणकाचा संपर्क सुटतो. लहान दस्तऐवज जतन करताना हा दोष जाणवत नाही. तासभर चालणाऱ्या लेखनात तो उघडा पडतो. अशा वेळी केबल व जोडणीचे छिद्र बदलून पाहणे ही पहिली पायरी होय. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला 'स्मार्ट' म्हणतात. तीत १९९ या क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर संशय बहुधा केबलवर जातो. ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील, तर पृष्ठभागावरील भाग निकामी होऊ लागले आहेत, असे समजावे.

चौथे कारण फसवणुकीचे आहे. बाजारात अत्यल्प किमतीत मिळणाऱ्या काही पेन-ड्राइव्ह व कार्डांची क्षमता खोटी असते: आतील माध्यम लहान असून संगणकाला ती मोठी भासविली जाते. खऱ्या क्षमतेपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यापुढे लिहिलेला मजकूर नाहीसा होतो किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. 'एफ-थ्री' हा मुक्त प्रोग्रॅम सर्व जागेवर लिहून व पुन्हा वाचून ही परीक्षा करतो. नवीन कार्ड क्षेत्रकार्याला नेण्यापूर्वी अशी परीक्षा करणे शहाणपणाचे ठरेल.

६. जेथे लिहू दिले जात नाही

नकाराच्या प्रकारात डिस्क निरोगी असते. विंडोजमध्ये एका संगणकावरून काढून दुसऱ्यास जोडलेल्या डिस्कवरील फोल्डरांची मालकी पूर्वीच्या वापरकर्त्याकडेच राहते. नव्या वापरकर्त्याला ती वाचता येतात, पण त्यांत लिहिता येत नाही. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' या भागात फोल्डर दुरुस्त करण्याची जी सोय आहे, ती असे अधिकार पूर्ववत् करण्याचा प्रयत्न करते. स्टीम प्रशासकाच्या अधिकाराने एकदा चालवून पाहणे ही परीक्षा म्हणून ठीक आहे: त्या वेळी लेखन झाले तर दोष परवानगीचा होता, हे सिद्ध होते. मात्र कायमचा उपाय म्हणून तिचा अवलंब करू नये. इंटरनेटशी सतत बोलणाऱ्या प्रोग्रॅमला सर्वाधिकार देणे इष्ट नाही.

विंडोज १० मध्ये २०१७ सालच्या एका सुधारणेपासून 'कन्ट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाचा पहारा उपलब्ध आहे. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमांपासून दस्तऐवजांचे रक्षण करणे हा त्याचा हेतू. तो चालू केलेला असल्यास 'डॉक्युमेंट्स'सारख्या संरक्षित फोल्डरात अपरिचित प्रोग्रॅमला लिहू दिले जात नाही, आणि कित्येक गेम आपल्या नोंदी तेथेच ठेवू पाहतात. अँटिव्हायरस नुकतीच लिहिलेली फाइल तपासण्यासाठी क्षणभर ताब्यात घेतो. प्रती ढगात पाठविणाऱ्या सेवाही तसेच करतात. आणि त्याच क्षणी स्टीमला त्या फाइलीत पुढचा तुकडा लिहावयाचा असतो. येथे अँटिव्हायरस काढून टाकणे हा उपाय नव्हे. गेमचे फोल्डर तेवढे तपासणीतून वगळावे, आणि ज्या फोल्डराच्या प्रती आपोआप पाठविल्या जातात त्यात गेम ठेवू नये, इतके पुरे.

ज्यांच्या संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही आहेत, त्यांना आणखी एक नकार भेटतो. विंडोज पूर्णपणे बंद न होता अर्धनिद्रेत गेलेले असेल, तर लिनक्स तिची एनटीएफएस डिस्क सावधगिरीने केवळ वाचनासाठी जोडते. विंडोज पुन्हा सुरू करून पूर्णपणे बंद केले आणि शीघ्र-आरंभाची सोय काढून टाकली की हा अडथळा दूर होतो. शेवटी, मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाच्या कडेला लेखन बंद करणारी लहानशी सरकपट्टी असते. ती नकळत सरकली असेल, तर सर्व तंत्रज्ञान बाजूस ठेवून नखाने ती मागे सारणे हाच उपाय होय.

७. जेथे मजकूरच विस्कटतो

वीज जाणे, संगणक एकाएकी बंद पडणे, अशा प्रसंगी अर्धवट लिहिलेली फाइल मागे उरते. एनटीएफएससारख्या पद्धती आपल्या रचनेची रोजनिशी ठेवतात, त्यामुळे रचना सावरली जाते; परंतु फाइलीतील मजकूर पूर्ण होता की नाही, याची हमी ती रोजनिशी देत नाही. स्टीम उतरत असलेला ऐवज 'स्टीमॲप्स' या फोल्डरातील 'डाउनलोडिंग' या उपफोल्डरात, गेमच्या क्रमांकाखाली रचते. उदाहरणार्थ, 'काउंटर-स्ट्राइक २' या गेमचा क्रमांक ७३० आहे. स्टीम पूर्णपणे बंद करून त्या क्रमांकाचे तेवढेच उपफोल्डर काढून टाकल्यास पुढील खेपेस रचना नव्याने सुरू होते. पूर्वीच बसविलेल्या गेमच्या बाबतीत 'फाइलींची शुद्धता तपासा' ही सोय प्रत्येक फाइल यादीशी ताडते आणि बिघडलेलाच भाग पुन्हा आणते. सर्व गेम पुसण्याची आवश्यकता क्वचितच पडते.

शुद्धतेची तपासणी दर वेळी निराळ्या फाइली दोषी ठरवीत असेल, तर मात्र रॅमचा विचार करावा. उलगडलेला तुकडा रॅममध्येच राहतो, आणि तेथे एखादा बिट उलटला तर निर्दोष डिस्कवरही अशुद्ध मजकूर लिहिला जातो.

८. शोधाचा क्रम

कारणे इतकी असता कोणत्या क्रमाने शोध घ्यावा? येथे ध्वनिविचारातील एक परिचित पद्धत उपयोगी पडते. 'काल' आणि 'गाल' या शब्दांत एकच ध्वनी भिन्न ठेवून आपण अर्थभेद कशामुळे झाला ते ठरवितो. दोन ध्वनी एकदम बदलले तर निष्कर्ष काढता येत नाही. दुरुस्तीच्या बाबतीतही एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तोच गेम दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहावा. नंतर त्याच डिस्कवर तितकीच मोठी दुसरी एखादी फाइल नकलून पाहावी. दुसऱ्या डिस्कवर गेम उतरला आणि पहिल्या डिस्कवर मोठी फाइलही लिहिली गेली नाही, तर दोष डिस्कच्या बाजूचा. पहिल्या डिस्कवर मोठी फाइल सुखरूप लिहिली गेली, तर दोष फोल्डराचा, परवानगीचा वा अर्धवट ऐवजाचा. पाच उपाय एकाच वेळी करून सूचना नाहीशी झाली, तरी कारण अज्ञातच राहते, आणि पुढील महिन्यात ती पुन्हा दिसली की सारे पुन्हा मुळापासून करावे लागते.

दुसरे तत्त्व असे की, परतीचा मार्ग ज्यांत आहे त्या कृती प्रथम कराव्यात. नोंदवही वाचल्याने काहीच बदलत नाही. संगणक पुन्हा सुरू करणे, जागा मोकळी करणे, केबल बदलणे यांनीही काही हानी होत नाही. त्यानंतर फोल्डराचे अधिकार, वगळलेल्या फोल्डरांची यादी, अर्धवट ऐवज यांत हात घालावा. फाइल-पद्धतीची दुरुस्ती, रूपांतर आणि फॉरमॅट या कृती सर्वांत शेवटी. वितरण-केंद्र बदलण्याचा जो सल्ला वारंवार दिला जातो, त्याचा लेखनाशी संबंध दूरचा आहे. कारण तुकडा कोठूनही आला तरी त्याचा ठसा लेखनापूर्वी ताडून पाहिलेला असतो.

९. डिस्क खरोखर बिघडली असता

आतापर्यंतच्या विवेचनाचा रोख डिस्कवरील आरोप तपासून घेण्याकडे होता. तथापि नोंदवहीत ७ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसत असतील, 'स्मार्ट'मधील आकडे चढत असतील, किंवा फिरत्या डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर षष्ठीचा विग्रहच खरा ठरला, असे मानावे. अशा वेळी प्रस्थापित सवय फार घातक ठरते. सामान्यतः मनुष्य आधी दुरुस्ती करू पाहतो. 'चेकडिस्क' हा प्रोग्रॅम निकामी भाग शोधण्याच्या आज्ञेसह चालवितो. ती आज्ञा सर्व डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचून काढते आणि फाइल-पद्धतीच्या नोंदी बदलते. मरणोन्मुख डिस्कला हा श्रम अखेरचा ठरू शकतो, आणि बदललेल्या नोंदींमुळे नंतरचे उत्खननही अवघड होते. कोणतीही जोड न देता चालविलेला 'चेकडिस्क' केवळ अहवाल देतो, हे लक्षात ठेवावे. पण बिघाडाची चिन्हे स्पष्ट असता तोही नंतरच.

प्रथम कर्तव्य प्रत काढणे हे होय. गेम उतरविणे तत्काळ थांबवावे, त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये, आणि जे पुन्हा मिळविता येणार नाही ते आधी हलवावे: क्षेत्रध्वनिमुद्रणे, त्यांची लिप्यंतरे, टिपणे, प्रबंध, या क्रमाने. गेम शेवटी, किंबहुना मुळीच नव्हे. साधी नक्कल अडत असेल, तर 'ग्नू डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम सुलभतेने वाचता येणारे भाग प्रथम उचलतो आणि हटवादी भागांकडे मागाहून वळतो, हे धोरण अशा प्रसंगासाठीच आखलेले आहे. काही एसएसडी आयुष्य संपताना लेखन नाकारतात, पण वाचू देतात. तेव्हा 'लिहिता येत नाही' हीच प्रत काढण्याची शेवटची संधी असू शकते.

१०. समारोप

या सर्व विवेचनातून एक सूचना आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावीशी वाटते. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या प्रोग्रॅमांच्या मराठी आवृत्त्या सिद्ध झालेल्या आहेत आणि असे काम पुढेही होणार आहे. या कामात अशा त्रुटित समासांचे भाषांतर करण्याचा प्रसंग पदोपदी येतो. इंग्रजीत विभक्ती न सांगता निभावून जाते. मराठी वाक्याला ती सांगावीच लागते. 'डिस्क लेखन त्रुटी' असे शब्दाला शब्द ठेवून भाषांतरकाराने आपली सुटका करून घेतली, तर मूळची संदिग्धता अधिक दुर्बोध होऊन मराठीत येईल. त्याऐवजी 'या फाइलीत लिहिता आले नाही. या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नाही' किंवा 'डिस्कवर जागा उरली नाही' अशी, कोठे व का हे सांगणारी वाक्ये योजण्याचा आग्रह धरता येईल. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मूळचा अंक भाषांतरकारापर्यंत पोहोचू दिला पाहिजे, आणि भाषांतरकाराने तो मागितला पाहिजे.

तोपर्यंत वाचकाला स्वतःच विग्रह करावा लागेल. सूचना दिसताच 'लिहवले नाही की लिहू दिले नाही?' हा प्रश्न विचारावा, नोंदवही उघडावी, आणि कोणत्याही दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आपल्या मुद्रणांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर आहे, याची खात्री करून घ्यावी.